उजव्या पायाला हात लावायचा नाय

संपादकांनी या अंकासाठी काही लिहाल का म्हणून विचारलं तेव्हा मी नको म्हणालो. आठवड्याने त्यांचा परत फोन आला. मी परत नको म्हणालो, पण फोन ठेवला नाही. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाले, "बरं, मग कधीपर्यंत देताय?" माणूस आपल्याकडचाच आहे, हे मी तिथंच ओळखलं.

मी मुळात कमी बोलणारा. घरात बायको बोलते, वर्गात मुली बोलतात, त्यामुळे माझं आजवर निभावून गेलं. पण एक गोष्ट गेल्या पावसाळ्यापासून आत सलते आहे, आणि तिच्यातलं हसू वजा करून ती सांगता येणार नाही. तेव्हा हसा, माझी हरकत नाही.

आधी माझा धंदा सांगतो. शहापुरात खतं आणि बी-बियाण्यांच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. तिथं मी इंग्लंडला नोकरीसाठी जाणाऱ्या नर्सांना शिकवतो. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं त्यांना येतं, काहींना माझ्याहून चांगलं येतं. मी शिकवतो ते तिथं गेल्यावर माणसांशी वागायचं कसं. मी स्वतः आधी आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात होतो, मग काही वर्षं इंग्लंडच्या एका लहान गावात म्हाताऱ्यांच्या वॉर्डात होतो. बायकोला तिथली थंडी मानवेना म्हणून परत आलो. लोकांना हेच कारण सांगतो. बायको म्हणते, थंडी मानवत नव्हती ती ब्रदरना.

ब्रदर म्हणजे मी. आमच्या कामात बाईला सिस्टर म्हणतात आणि पुरुषाला ब्रदर. खर्डीपासून मुरबाडपर्यंत माझं खरं नाव फारसं कुणाला माहीत नाही. सासूबाईसुद्धा जावयाला ब्रदर म्हणतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

तर इंग्लंड. तिथं पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत बसायच्या खोलीत एका वयस्कर नर्सबाईंनी विचारलं, चहा घेणार का. मी म्हणालो, नको नको. आपल्याकडे पहिलं नको म्हणजे नुसतं दार वाजवणं असतं. समोरचा "असं कसं, घ्या की" म्हणतो, आपण "कशाला उगाच" म्हणतो, आणि तोवर कप हातात आलेला असतो. त्या बाई "बरं" म्हणाल्या आणि स्वतःपुरता चहा करून प्यायल्या. दुसऱ्या दिवशी तेच. मी कित्येक दिवस त्या खोलीत कोरड्या घशाने बसलो आणि रात्री बायकोला सांगितलं की इथले लोक आपला तिरस्कार करतात. शेवटी एकदा धीर करून म्हणालो, मला चहा हवाय. बाईंनी डोळे मोठे करून विचारलं, मग इतके दिवस नको का म्हणत होतास? याचं उत्तर मला इंग्रजीत देता आलं नाही. मराठीतही आलं नसतं.

चहाचं ठीक होतं. पण पुढे वॉर्डातले एक आजोबा अंघोळीला नको म्हणाले. मी प्रेमाने परत विचारलं. ते नको म्हणाले. मी टॉवेल घेऊन उभाच राहिलो, आपल्या वडिलांना म्हणावं तसं म्हणालो, चला की, बरं वाटेल. त्यांनी माझी तक्रार केली. वरिष्ठ बाईंनी मला बोलावून अगदी हळू आवाजात सांगितलं, "ते नाही म्हणाले होते." एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मी विसरलो असतो. हळू बोलल्या म्हणून ते वाक्य कायमचं बसलं. त्या दिवसापासून कुणी नको म्हटलं की मी दोन पावलं मागे सरकायला लागलो. परत आल्यावर मेहुण्याने लग्नात जिलबी नको म्हटलं, मी ताट घेऊन पुढे गेलो. ते लग्न सासरी अजून निघतं.

आणि हेच मी इथं शिकवायला लागलो.

तिथं गेल्यावर मुलींची एक प्रात्यक्षिक परीक्षा होते. मोठ्या हॉलमध्ये पडदे लावून कप्पे केलेले असतात. काही कप्प्यांत खोटा पेशंट, म्हणजे त्या कामासाठी बोलावलेला नट, खाटेवर पडलेला असतो. परीक्षक कोपऱ्यात उभा. घंटा वाजली की आत जायचं, हात धुवायचे, आपलं नाव सांगायचं, तुम्हाला काय नावाने हाक मारलेली आवडेल ते विचारायचं, आणि अंगाला बोट लावायच्या आधी परवानगी मागायची. सुई मारता येते की नाही हे ते नंतर बघतात.

आमच्या मुलींना हे सगळ्यात अवघड. आपल्या वॉर्डात एका सिस्टरच्या वाट्याला इतके पेशंट असतात की "कृपया" म्हणायला गेली तर संध्याकाळपर्यंत अर्धी खोलीच होईल. आपल्याकडे सिस्टर खाटेशी येते आणि म्हणते, "हात. दुसरा. ओरडायचं नाय. पेशंटबरोबर कोण आहे?" आणि पेशंटला त्यातच आपली काळजी घेतली गेली असं वाटतं.

वैजयंती त्यातली सगळ्यात पक्की. डोळखांबकडची मुलगी, मुरबाडच्या एका खासगी दवाखान्यात नोकरी करून एसटीने वर्गाला यायची. तिचा आवाज असा की खाली दुकानात कुणी युरियाची गोणी उचलत असेल तर तो ती परत खाली ठेवायचा. तिला मी परवानगी मागायला सांगितली. ती खाटेवरच्या मुलीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुमचा बीपी बघणार आहे, परवानगी द्या."

"वैजयंती, तू परवानगी मागते आहेस की वसूल करते आहेस?"

"सर, मागितली की. दिली नाय तर काय करू, बीपी न बघता सोडू?"

"हो. सोडायचा."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हा माणूस आपल्याला इंग्लंडला नेणार की घरी बसवणार, असा तिला प्रश्न पडला असावा.

मुली एकमेकींवर सराव करायच्या तेव्हा नुसत्या हसायच्या. खरा म्हातारा पेशंट हवा होता. आमच्या जिन्याखाली एक बाई भाजी घेऊन बसायची. खर्डीच्या पुढच्या एका पाड्यावरून यायची, सीझनप्रमाणे टोपलीत काय ते, पावसाळ्यात काकड्या आणि दोडके. सगळे तिला बुध्याची आय म्हणायचे. बुध्या तिचा मुलगा, वीटभट्टीच्या कामाला भिवंडीकडे असायचा. मी तिला म्हटलं, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा वर येऊन खाटेवर पडायचं, पंखा आहे, चहा आणि भजी मिळतील. तिने विचारलं, "आणि करायचं काय?" मी म्हटलं, काही नाही, आजारी असल्यासारखं पडायचं. ती म्हणाली, "नुसतं पडायचं? आमच्या सात पिढ्यांत कोणाला असं काम गावलं नाय."

पहिल्या दिवशी एका मुलीने तिला विचारलं, तुम्हाला काय नावाने हाक मारू? मुली आधी इंग्रजीत विचारायच्या आणि मग तिच्यासाठी मराठीत. बाई गप्प. मला वाटलं प्रश्न समजला नाही. मग ती छताकडे बघत म्हणाली, "चांगू म्हणा. माझा बाप म्हणायचा." आणि पदर तोंडावर घेऊन हसली. वर्गातल्या एकाही मुलीच्या तोंडून ते नुसतं 'चांगू' निघेना. एक म्हणाली चांगूआजी, एक म्हणाली चांगूताई, वैजयंतीने तर "अहो चांगू" असा मधलाच मार्ग काढला.

पण चांगू पेशंट म्हणून उपयोगाची नव्हती. तिला नाही म्हणताच येत नव्हतं. मुलगी "मी तुमचा…" म्हणेपर्यंत हिचा हात पुढे. घसा बघू का म्हणायच्या आत जीभ बाहेर. इंजेक्शन हा शब्द ऐकला की मुकाट कुशीवर. सिस्टर समोर उभी राहिली की माणसाने काय काय हवाली करायचं असतं, ते तिने सरकारी दवाखान्यात आयुष्यभर पाहिलेलं होतं. मी तिला समजावलं, चांगू, तुम्ही नको म्हणायचं. हा तुमचा हक्क आहे.

"नको म्हटलं तर शिस्टर रागावल ना."

"नाही रागावणार. मी रागावू देणार नाही."

"मंग भजी?"

"नको म्हटलं तरी भजी मिळतील."

हे तिला पटायला बरेच दिवस लागले. पहिलं 'नाय' तिने इतकं हळू म्हटलं की पंख्यात विरून गेलं. दुसरं जरा मोठ्याने. त्यानंतर मात्र तिला त्याची गोडीच लागली. बीपी, नाय. तापमान, नाय. उशी सरळ करू का, नाय, वाकडी बरी हाय. मुली रडकुंडीला आल्या आणि मी खूश. त्यांना मी एकच गोष्ट घोकून घ्यायला लावत होतो: पेशंट नको म्हणाला की "काही हरकत नाही" म्हणायचं, नोंद करायची, पुढे जायचं. वाद नाही, आग्रह नाही. चांगू ते "नो थँक्यू"सुद्धा शिकली. एकदा जिन्याखाली एक गिऱ्हाईक दोडक्याचा भाव पाडायला लागलं तर त्याला तिने तेच ऐकवलं.

भात लावणीच्या दिवसांत ती यायची थांबली. लावणी उरकून परत आली ती उजव्या पायात एकच काळा मोजा घालून. मुलाचा असावा, टाचेवर भलताच मोठा होता. मी विचारलं नाही. उलट, आता लिहिताना हात अडतो, मी मुलींना म्हणालो, "बघा, चांगूने किती मनावर घेतलंय. तिकडच्या म्हाताऱ्या सगळ्या मोजे घालतात." सगळ्या हसल्या. चांगूही हसली.

त्या दिवशी एका मुलीने तिचे पाय तपासायची परवानगी मागितली. चांगूने डावा पाय पुढे केला. मुलगी म्हणाली, आणि उजवा?

"उजव्या पायाला हात लावायचा नाय."

असा स्पष्ट, खणखणीत नकार मी त्या खोलीत कधी ऐकला नव्हता. मुलगी लगेच म्हणाली, "काही हरकत नाही," आणि मागे सरकली. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्या वर्गाकडून वाजवून घेतल्या.

पुढे रोज तेच झालं. रोज कुणी तरी उजवा पाय विचारायचं, रोज चांगू नाही म्हणायची, रोज मुलगी शिकवल्याप्रमाणे मागे सरकायची. मी चांगूचं उदाहरण द्यायला लागलो.

मग सराव परीक्षेचा दिवस आला. मी कोपऱ्यात परीक्षक होऊन उभा, घंटा म्हणून स्टीलचा पेला आणि चमचा. वैजयंतीची पाळी आली. हात धुतले, नाव सांगितलं, "चांगू" असं एकदाचं स्वच्छ म्हटलं. मी मनात तिला पास केलं. मग तिने उजवा पाय विचारला. चांगू म्हणाली, "नाय."

वैजयंती मागे सरकली नाही. वाकली आणि नाक फुलवून उभी राहिली.

"नाय कसं? दाखवा."

"वैजयंती," मी म्हणालो.

"सर, वास येतोय."

"खाली खताचं दुकान आहे. इथं रोज वास येतो."

"खताचा वास मला ठावं आहे सर, आमी शेतातलेच. हा त्यो नाय." आणि ती मोज्याला हात घालणार तोच चांगू खाटेवर ताठ बसली.

"नो थँक्यू," ती म्हणाली. वर्ग खो खो हसला. चांगू हसत नव्हती. ती माझ्याकडे वळली. "सर, हिला सांगा. माझी परवानगी नाय."

इतक्या दिवसांच्या कष्टाने मीच तिच्या हातात दिलेलं ते वाक्य होतं, आणि ती ते माझ्यावरच रोखून बसली होती. मी काय करायला हवं होतं ते आज मला माहीत आहे. जखम म्हणजे काय, शुगर म्हणजे काय, भात लावून आलेल्या बाईच्या एका पायात मोजा का असेल, हे कळायला मला वास येण्याचीही गरज नव्हती. पण माझ्या कानात ते हळू बोललेलं वाक्य वाजलं. मी पेल्यावर चमचा मारला आणि वैजयंतीला सांगितलं, "नापास. बाहेर जा."

"नापास करा सर," ती दारातून म्हणाली, "पण वास येतोय तो येतोय." आणि धाडधाड जिना उतरली.

चांगूने भजी खाल्ली नाहीत. कागदात बांधून घेतली आणि खाली गेली.

थोड्या वेळाने मी गॅलरीत आलो. वैजयंती एसटीला गेलेली नव्हती. ती चांगूच्या टोपलीशेजारी फुटपाथवर मांडी घालून बसली होती. मला वाटलं खाली भांडण चाललंय, म्हणून मी जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत उतरलो. भांडण नव्हतं. चांगू काकडी कापून तिला मीठ लावत होती.

"घे गो."

"नको आजी."

"घे. सकाळी तोडल्यात."

"नको, खरंच. पोट भरलंय."

"काकडीनं कुठं पोट भरतं? तोंड बघ कसं सुकलंय. त्या सरनी ओरडला ना तुला? घे."

वैजयंतीने फोड घेतली, खाल्ली. मग म्हणाली, "आजी, मी दोनदा नको म्हणले. तुमी ऐकलंत?"

"आता काकडीला कोण नको म्हणतं खरं? आग्रव करावा लागतो."

"मग मी तुमाला पाय दाखवा म्हणले, तुमी नको म्हणलात. मी का ऐकू?"

चांगूने सुरी बाजूला ठेवली. टोपलीतल्या काकड्या उगाच इकडच्या तिकडे केल्या. मग म्हणाली, "तूच एकटी परत इचारलीस. बाकीच्या सगळ्या, नाय म्हटलं की पळतात. मी रोज वर येते. रोज तो पाय घेऊन पडते. एक पण पोरगी का म्हणून इचारत नाय."

मी जिन्यात होतो. खाली जावं की वर, ते कळेना. तिथंच पायरीवर बसलो.

"मग आता विचारते," वैजयंती म्हणाली. त्या मुलीचा एवढा हळू आवाज मी आधी ऐकला नव्हता. "का नाय दाखवत?"

"बुध्याच्या बापाचं असंच झालेलं. बोट दाखवायला ठाण्याला नेला, गुडघ्यापर्यंत कापून आणला. मंग खाटंवरून उठलाच नाय. पाय दाखवला का कापतात. मी टोपली घेऊन कशी येऊ मंग?"

"आणि नाय दाखवला तर?"

"ते बी कळतंय ना मला," चांगू म्हणाली. "म्हणून तर रोज येत होते."

तिने स्वतःच मोजा काढला. मी खाली उतरलो. करंगळीच्या बाजूला जखम होती आणि ती आतपर्यंत गेली होती. लावणीच्या वेळी चिखलात काही तरी लागलं होतं. दुखलं नव्हतं, म्हणून लक्ष दिलं नव्हतं. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाला लागलेलं कळतच नाही, हेच तर त्यातलं वाईट. करंगळी काळी पडायला लागली होती. मी इतके दिवस तिच्या उशाशी उभा राहून तिच्या नकाराला टाळ्या वाजवत होतो.

तिला सरकारी दवाखान्यात नेलं. टोपली वर वर्गात ठेवली. तिथल्या सिस्टर माझ्या जुन्या सहकारी, त्याच आवाजाच्या. खाटेशी आल्या आणि म्हणाल्या, "पाय वर. हात इकडे."

चांगूने हात दिला नाही. "आधी तुमचं नाव सांगा."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. मी खिडकीकडे बघायला लागलो.

"आणि मला काय नावाने हाक मारू ते इचारा. आणि हात धुतलेत का?"

शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. सिस्टर मला म्हणाल्या, "ब्रदर, ही कुठून आणलीत?" मी म्हणालो, माझ्याच वर्गातली आहे. त्यांनी मला जे सुनावलं ते या अंकात छापता येणार नाही. पण हात त्यांनी धुतले. माझ्यादेखत, साबणाने.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी शुगर तपासली, ती फार वाढलेली निघाली, आणि समजावून सांगितलं की करंगळी काढावी लागेल. आता काढली तर पाय राहील, उशीर केला तर पायाचं काही सांगता येत नाही. चांगूने ऐकून घेतलं. करंगळीच ना, असं विचारलं. गुडघा नाय ना, असं विचारलं. डॉक्टर खूण केल्याच्या वर कापणार नाहीत, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. डॉक्टरांनी पेनने रेघ मारून दाखवली. सगळे तिच्याकडे बघत होते.

"नाय," ती म्हणाली.

डॉक्टर थांबले. सिस्टरनी कपाळाला हात लावला. वैजयंतीने तोंड उघडलं, पण मी तिचा दंड धरला. माझे पाय सवयीने मागे सरकले होते, ते मी पुढे आणले. स्टूल ओढलं आणि बसलो. आयुष्यात आग्रह करायची सवय मोडलेला माणूस मी. म्हणालो, "चांगू, असं कसं. घ्या की काढून."

म्हणजे मी करंगळी काढायचं जिलबीसारखं विचारत होतो. शेजारचा पेशंट हसला. चांगूने मान दुसरीकडे फिरवली.

"पाय राहील. टोपली राहील," मी म्हणालो. "रोजचं ड्रेसिंग मी करीन. वर्गात, तुमच्याच खाटेवर."

"रोज?"

"रोज."

"आणि भजी?"

"तळलेलं आता बंद. चहा बिनसाखरेचा."

"मंग नाय," ती म्हणाली. पण या वेळी पदर तोंडावर होता. मी परत विचारलं. आपल्याकडे किती वेळा विचारायचं असतं याचा कुठे नियम लिहिलेला नाही. समोरच्या माणसाच्या तोंडावर कळतं. "बरं," ती शेवटी म्हणाली, "तुमचा मान राखते."

करंगळी गेली. पाय राहिला.

आता माझ्याबद्दल. त्यानंतर बरेच दिवस मी मनात तो इंग्लंडचा वॉर्ड फिरून पाहिला. माझी तक्रार करणारे आजोबा, आणि मी मागे सरकल्यावर त्यांच्याशी बोलायला गेलेल्या त्या चहावाल्या नर्सबाई. त्या खुर्ची ओढून बसल्या होत्या. बराच वेळ काही बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी आजोबांनी अंघोळ केली. त्या बाई काय बोलल्या, हे मी कधी विचारलं नाही. तिथल्या लोकांना नकारानंतर 'का' विचारणं ठाऊक होतं. मी घाबरून निम्मंच शिकून परत आलो, आणि ते निम्मं फी घेऊन शिकवत होतो. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली आज तिथल्या वॉर्डांत "काही हरकत नाही" म्हणून खाटेपासून दूर होत असतील. त्यांच्यातल्या एकेकीला मी फोन केले. एक म्हणाली, सर, 'का' विचारायचं ते तर इथं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तेव्हा कुठे जरा झोप लागली.

वैजयंती इंग्लंडला गेली. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली. फोनवर म्हणाली, "सर, खाटेवरचा नट औषध नको म्हणाला. मी विचारलं, का? तो बिचारा बोलतच सुटला, त्याची बायको, त्याचं कुत्रं. घंटा वाजली, बाकीचं सगळं राहिलं."

"मग?"

"दुसऱ्यांदा त्याला जरा लवकर आवरला."

पास झाली. आता एका मोठ्या दवाखान्यात आहे, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना तिचा आवाज आवडतो म्हणते, कारण त्यांना तो ऐकू येतो. मुरबाडच्या तिच्या जुन्या दवाखान्याचे डॉक्टर मला एकदा रस्त्यात भेटले. म्हणाले, ब्रदर, चांगली सिस्टर घालवलीत. खरंच होतं ते. चांगली मुलगी तयार झाली की ती इथून जाते, हाच माझा धंदा आहे. डोळखांबच्या पाड्यावर कुणाच्या पायात मोजा दिसला तर तो काढायला लावणारी एक मुलगी मी कमी केली.

चांगूचं ड्रेसिंग मी वर्गातच करत होतो, रोज. मुली भोवती उभ्या राहून बघायच्या. मी हात धुऊन विचारायचो, चांगू, पट्टी काढू का? ती म्हणायची, नाय. मी म्हणायचो, असं कसं. मग ती पाय पुढे करायची. जखम केव्हाच भरली. ती अजून दुपारी येऊन पडते. दोन्ही पायांत मोजे असतात, वैजयंतीने पाठवलेले, लोकरीचे. भर उन्हाळ्यातही काढत नाही. मोजे काढून रोज पाय बघायचा हे मी तिला सांगितलंय. ती म्हणते, तुमी इचारा, मंग काढते.

परवा नवा वर्ग सुरू झाला. किन्हवलीकडची एक लाजरी मुलगी खाटेशी गेली. हात धुतले, नाव सांगितलं, इंग्रजीत विचारलं, मराठीत विचारलं, मी तुमचा उजवा पाय बघू का?

"नाय," चांगू म्हणाली.

मुलीचं तोंड पडलं. कुठल्या तरी पुस्तकात वाचून आली असावी, "काही हरकत नाही" म्हणाली आणि मागे वळली. मी तोंड उघडायच्या आत चांगू खाटेवर उठून बसली.

"अगो, पळतेस कुठं? का ते इचार की."